मळ्याच्या दारातला मुकादम

आमच्या माहेरच्या माणसांना एक खोड आहे. बाहेर निघताना पायताण घालायचं झालं की आधी ते उचलून जमिनीवर आपटायचं, मगच पाय आत घालायचा. माझे दोन्ही भाऊ हेच करतात, त्यांची पोरं करतात, आणि मी सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, जिथं मुंगीलासुद्धा लिफ्टनं यावं लागेल, तिथं अजून करते. खालच्या मजल्यावरच्या बाई सुरुवातीला विचारायला वर आल्या होत्या, तुमच्याकडं रोज सकाळी काय ठोकाठोकी चालते म्हणून. त्यांना बसवलं, चहा दिला आणि मुकादमाची गोष्ट सांगितली. ऐकताना त्या इतक्या हसल्या की चहा गार झाला. आता त्यांच्याकडं कुणी पाहुणे आले की त्यांना घेऊन वर येतात आणि म्हणतात, जरा ती बेडकाची सांगा ना. सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाची लिहूनच काढते.

आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला, इतकं कडेला की बाजारात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी कानावर पडायचं. गावाबाहेर आमचा पानमळा आणि मळ्याला चिकटून घर. ज्यांनी पानमळा बघितला नाही त्यांना सांगते, बाहेर उन्हानं डोळे दिपत असले तरी आत पाऊल टाकलं की अंगावर गारवा यायचा. शेवरी, पांगारा आणि हादग्याची सरळ झाडं ओळीनं उभी, त्यांच्या अंगावर नागवेली चढलेल्या, आणि बुडाशी पाटाचं पाणी. माणसं शिडीवर चढून, अंगठ्यात पत्र्याची नखी घालून पानं खुडायची, त्याचा एकसारखा टिकटिक आवाज यायचा. लांबून विहिरीवरच्या इंजिनाची धडधड. ह्या दोन आवाजांत मी वाढले. हादग्याला फुलं आली की आई त्यांची भाजी करायची, शेवग्याच्या शेंगांची आमटी तर बारमाही. दुपारी सगळी मळ्याच्या दाराशी सावलीला जेवायला बसायची. भाकरी, खर्डा, ताक आणि ती आमटी. जेवण झालं की आण्णा, म्हणजे माझे आजोबा, प्रत्येकाला कोवळं पान खुडून द्यायचे, पोरांना बिनचुन्याचं.

मळ्यात पायताण घालून जायचं नाही, हा आण्णांचा कायदा. तसा तो सगळ्याच पानमळ्यांचा कायदा होता, पण आण्णांच्या तोंडून तो ऐकण्यात मजा होती. एकदा तालुक्याचे कुणी साहेब पाहणीला आले आणि बूट घालूनच आत निघाले, तर आण्णा हात जोडून आडवे उभे राहिले. म्हणाले, "सायेब, बाळंतिणीच्या खोलीत बूट घालून जाता का? मग? माझी वेल बी तशीच हाय." साहेबांनी मुकाट्यानं बूट काढले. तर सांगायचं असं की मळ्याच्या दाराशी दगडांचा एक बैठा ओटा होता आणि त्याच्या कडेला सगळ्या घरादाराची, गड्यांची, पाहुण्यांची पायताणं पडलेली असायची. त्या ओट्याच्या फटीत मुकादम राहायचा.

मुकादम हा बेंडूक. शाळेच्या पुस्तकात अशा खरबरीत, कोरड्या अंगाच्या, जमिनीवर राहणाऱ्या बेडकाला भेक म्हणतात, हे मला पुढं कळलं. आम्हाला सगळी बेंडकंच. हा अंगानं चांगला मूठभर होता, अंगभर पुळ्या, पाठीवर एक आडवा वण. कधीतरी भांगलताना कुणाचं खुरपं लागलेलं. दिवस मावळायला गडी मळ्यातून बाहेर पडायचे तेव्हा तो फटीतून अर्धा बाहेर येऊन बसायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडं बघत राहायचा. कोण लवकर निघालं, कुणी अंगचोरी केली, सगळं ध्यानात ठेवल्यासारखं तोंड. म्हणून माझ्या आत्यानं त्याचं नाव मुकादम ठेवलं. त्याला दिवसा उन्हाच्या वेळी झोपायला अंधारी, ओलसर जागा लागायची आणि आमची घामानं भिजलेली पायताणं त्याला फार आवडायची. पंजाच्या बाजूला तोंड करून आत शिरायचा आणि बसायचा. तेव्हापासून आमच्याकडं पायताण आपटून घालायची रीत पडली. दगडावर दोन धपाटे घातले की आतून मुकादम निघायचा, नाराज होऊन दोन उड्या मारायचा आणि शेजारच्या वहाणेत शिरायचा.

त्याच्याकडं बघत बसण्यात माझे तासन्‌तास गेले. आई हाका मारून थकायची. मुंग्यांची रांग जात असली की तो मान खाली करून निश्चल बसायचा, आणि मग जीभ कधी बाहेर आली आणि कधी आत गेली ते दिसायचंच नाही, फक्त एक मुंगी कमी झालेली. मोठा किडा गिळताना दोन्ही डोळे मिटून आत ओढून घ्यायचा. मला वाटायचं चवीनं खातोय म्हणून डोळे मिटतोय. ते डोळेच आतून घास खाली ढकलायला मदत करतात, हे मी पुढं कॉलेजात शिकले तेव्हा मला वर्गात हसू आलं होतं आणि सरांनी उभं केलं होतं. पाणी तर तो तोंडानं कधी प्यायचाच नाही. पाटाच्या ओल्या कडेला पोट टेकून बसायचा, बसल्या बसल्या अंगात पाणी मुरायचं. एकदा त्यानं अंगरखा काढावा तशी आपली जुनी कातडी डोक्यावरून ओढून काढली आणि तोंडात घालून गिळूनही टाकली. मी धावत जाऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "बघ, त्याला हाय अक्कल. तू सदरा काढला की कुटं टाकतीस?" आमचा कुत्रा मोत्या त्याच्या वाटेला एकदाच गेला. मुकादमाला तोंडात धरलं आणि तसंच टाकून दिलं, तोंडाला फेस, आणि मळाभर डोकं घासत पळाला. मुकादमाच्या डोळ्यांमागं दोन फुगीर उंचवटे होते, त्यातून दुधासारखा चीक येतो. तो कडू जहर. मोत्या पुढं आयुष्यभर त्या ओट्याला वळसा घालून जायचा.

आणि गंमत म्हणजे मुकादम बाई होता. एका पावसाळ्यात विहिरीजवळच्या हौदात तो बसलेला दिसला आणि त्याच्या पाठीवर त्याच्या निम्म्या आकाराचा, पिवळसर गळ्याचा दुसरा एक बेंडूक घट्ट मिठी मारून बसलेला. दुसऱ्या दिवशी हौदातल्या शेवाळात काळ्या मण्यांच्या दोन लांबलचक सरी गुंडाळलेल्या दिसल्या. आत्या म्हणाली, "बघ की शकू, कुणी काळी पोत करून ठेवलीया." त्या मण्यांची पुढं काळीभोर पिल्लं झाली, हौदभर वळवळली, आणि एक दिवस बोटाच्या पेराएवढी बेंडकं हौदातून चढून मळ्यात पांगली. नर लहान, मादी मोठी, आणि ओरडतो तो नरच. एवढं कळूनही आम्ही मुकादमाचं नाव बदललं नाही. आक्का म्हणाली तसं, "मुकादमीण म्हणायला जीभ कुटं वळतीया."

आता आक्काकडं येते. आक्का म्हणजे माझी आजी, आण्णांची बायको. घर तिच्या बोटावर चालायचं. तिला बेंडूक म्हटलं की किळस, आणि किळशीला कारण होतं हौसा आत्या. हौसा आत्या ही आक्काची शेंडेफळ, माझ्यापेक्षा जेमतेम आठ-नऊ वर्षांनी मोठी, रंगानं सावळी, हसायला लागली की खांबाला धरावं लागायचं. मळ्यात खुरपताना जो बेंडूक समोर येईल त्याला ती हातानं उचलून कडेला ठेवायची, "सर की रं बाबा, कापून घेशील." आणि तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर चामखिळी होत्या. एक नव्हे, बोटांच्या सांध्यांवर झुपका होता. बेडकाला हात लावला की चामखीळ येते हे आमच्याकडं लहान पोराला पण ठाऊक. आक्कानं सगळे इलाज केले. चुना लावला, बिब्बा लावला, घोड्याच्या शेपटीचा केस बांधला. त्या केसासाठी आण्णा एका टांगेवाल्याच्या इतकं मागं लागले की तो त्यांना बघून लांबूनच टांगा वळवायचा. चामखिळी जिथल्या तिथं.

ह्यात हसण्यासारखं जेवढं होतं तेवढंच न हसण्यासारखं होतं. आत्याला बघायला माणसं आली, चहा घेतला, तिचा हात बघितला आणि परत निरोप आला नाही. दुसऱ्या स्थळानं तर मध्यस्थाकडून कळवलं की मुलीच्या हाताला काहीतरी रोग दिसतो. त्या दिवसापासून आत्या पाहुण्यांना पान द्यायला पुढं येईना, पदरात हात गुंडाळून बसायची. मला आठवतंय, एकदा ती भाकऱ्या थापता थापता थांबली आणि माझा हात घेऊन उलटा सुलटा करून बघितला. मीही रोज मुकादमाला उचलायची, तिच्याइतकंच. माझ्या हातावर काही नव्हतं. ती म्हणाली, "तुला कशी गं येत न्हाईत?" तेव्हापासून मी रोज सकाळी माझे हात बघायला लागले, आणि रोज ते स्वच्छ निघायचे, आणि माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला तो कायमचा. पुढं मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं त्याचं मूळ ह्यात आहे. आता नातवंडांच्या मोबाइलवर क्षणात कळतं की चामखीळ एका विषाणूनं होते आणि बेडकाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. तेव्हा आमच्यात हे सांगणारं कुणी नव्हतं.

अशात साताऱ्याकडून, खटावच्या अंगानं, एक स्थळ आलं. शामराव, मिलिटरीत. त्यांच्या घरात बाप, चुलते सगळे पलटणीत राहून आलेले. आधी फोटो आला, गणवेशातला. आण्णांनी तो आरशाच्या फटीत खोचून ठेवला. दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की आत्या दिवसातून फार वेळा वेणी घालायला लागली आहे. मी विचारलं, "आवडला व्हय?" तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग म्हणाली, "ह्यो गेला तर मी परत कुणापुडं बसणार न्हाई शकू. सांगून ठेवती. मी आपली मळ्यात ऱ्हाईन." ती हे हसत म्हणाली नाही.

आक्कानं मग कंबर कसली. पहिला हुकूम, मळ्याच्या दारातली बेंडकं हलवा, पाहुण्यांच्या नजरेला एक पडता कामा नये. दुसरा हुकूम, आत्यानं ताट धरायचं ते असं की उजवा हात खालून, वरून पदर. त्याची तालीम झाली. मी पाहुणा, मोत्या पाहुण्याची आई. आणि पहिल्या हुकमाप्रमाणं मी आणि आत्यानं मुकादमाला पानाच्या करंडीत घातलं, वर ओलं फडकं टाकलं आणि ओढ्यापलीकडं शेजाऱ्यांच्या उसात सोडून आलो. आत्या त्याला म्हणाली, "लगीन झालं की न्हेतो बाबा तुला माघारी." तो फुगून गोल झाला आणि तिच्या हातावर मुतला. बेंडूक उचलला की असंच करतो. आम्हाला वाटलं रागावला.

पाहुणे दुपारी आले. शामराव, त्यांची आई आणि एक मामा. शामराव फोटोपेक्षा उंच होते, ताठ बसायचे आणि विचारलं तेवढंच बोलायचे. पायात तपकिरी बूट, असे चकचकीत की मला त्यात माझं तोंड दिसलं. आत्या ताट घेऊन आली, उजवा हात खालून, वरून पदर, अगदी तालमीसारखं. त्यांच्या आईनं नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. सगळं सुरळीत झालं. आक्काच्या कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदा सैल झालेल्या मी बघितल्या. आणि तेवढ्यात आण्णा उठले आणि म्हणाले, "आलायसा तर मळा बघून जावा की."

आक्कानं डोळे मोठे केले. आण्णांना मळ्यापुढं आक्का दिसत नसे. सगळी निघाली. दाराशी पायताणं काढली, शामरावांनी बुटांची जोडी ओट्याशी नीट लावून ठेवली, टाचेला टाच. आणि आण्णा आत शिरले ते शिरलेच. ही वेल कुठून आणली, ती कशी वाचवली, वेल वर्षाला उतरवून मातीत कशी पुरतात, सगळं. शामरावांना कोवळं पान दिलं. उन्हं कलली. मधेच पाणी पाजणाऱ्या गड्यानं पाट फोडला आणि पाणी दाराच्या बाजूला वळलं, ओट्याच्या बुडाशी शिरलं. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आणि आमच्या घरातल्या एकालाही, आण्णांना नाही, बाबांना नाही, मला नाही, एक साधी गोष्ट पाहुण्यांना सांगायचं सुचलं नाही. आमची सगळ्यांची ती इतकी सवयीची झालेली की जगभर माणसं पायताण आपटूनच घालतात असं आम्ही धरून चाललो होतो.

मळ्यातून बाहेर आल्यावर शामरावांनी उजवा पाय बुटात घातला. मग डावा घातला आणि थांबले. "आत काय तर हाय," म्हणाले.

"काय आसंल?" आण्णा म्हणाले.

"मऊ हाय," शामराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज आधीसारखा राहिला नव्हता. मग त्या मऊ वस्तूनं आतून त्यांच्या पायाला ढुशी दिली. एवढा उंच, पलटणीतला गडी, त्यानं "आई गं" म्हणून अशी उडी मारली की तो थेट कुंपणाच्या शेवरीला मिठी मारूनच थांबला. एक पाय जमिनीवर, एक हवेत, बूट निघता निघेना. त्यांची आई "आरं झालं काय, सांग की" म्हणून ओरडते, मामा पाय धरायला बघतात, शामराव पाय झाडतात.

घराच्या दारात उभी असलेली आत्या अनवाणी पळत आली. खाली बसली, बुटाची टाच धरून एका हिसक्यात बूट ओढला, त्यात उजवा हात घातला आणि मुकादमाला बाहेर काढलं. पाठीवर खुरप्याचा वण. ओढा ओलांडून, ऊस ओलांडून तो आपल्या दारात माघारी आला होता, आणि फटीतल्या घरात पाणी शिरलेलं बघून शेजारच्या बुटात गेला होता. बेडकांना आपली जागा बरोबर सापडते, हे आज मला माहीत आहे. त्या वेळी मी आ वासून उभी होते. आत्या हरखून गेली. "आरं मुडद्या," ती त्याला म्हणाली, "आलास व्हय माघारी?" तो फुगला आणि तिच्या हातावर मुतला.

मग तिला कळलं. तिचा उजवा हात सगळ्यांच्या मधोमध होता, वर मुकादम, आणि उन्हात प्रत्येक चामखीळ स्वच्छ दिसत होती. आक्कानं डोळे मिटून घेतले. शामरावांच्या आईनं वाकून बघितलं.

"हाताला काय झालंय गं पोरी?"

मला वाटलं आत्या आता हात पदरात ओढणार. तिनं ओढला नाही. तिचा चेहरा लाल झाला होता, पण हात होता तिथंच ठेवून ती म्हणाली, "चामखिळी हैत. लय दिसांच्या. ह्यांना उचलती म्हणून आल्या म्हणत्यात समदी. आसंल. पर मी न्हाई उचललं तर खुरप्याखाली येत्यात ही." आणि मग खाली बघून, "काय म्हणायचं ती आताच म्हणा मावशी. निरोपाची वाट बघाय लावू नका."

इंजिन तेवढं धडधडत होतं. मला त्या मुकादमाचा, बुटांचा, आण्णांच्या मळ्याचा, सगळ्यांचा राग आला होता. शामराव अजून शेवरीला धरून एका पायावर उभे होते.

"आदी त्येला जरा लांब न्ह्या की," ते म्हणाले.

आत्यानं मुकादमाला ओट्यावर ठेवलं. शामरावांची आई त्यांच्याकडं वळली. "तुला काय वाटतंय रं?"

"काय वाटायचं त्यात," शामराव म्हणाले. "आपल्या न्हाणीत बेंडकं हैतच की. मी सुट्टीला आलो की तू काठी घिऊन हाकलतीस, मग मी आंघुळीला जातो. तुजं बी वय झालं आता. घरात एकाला तर भ्या नसलेलं बरं."

त्यांची आई त्यांच्याकडं बघतच राहिली आणि मग अशी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं, मुकादमाच्या शेजारी. "बंदूक घिऊन हिंडतंय," ती आक्काला सांगायला लागली, "आन बेंडकाला भितंय माजं लेकरू." आक्कानं डोळे उघडले. आत्यानं तर शेवरीच धरली, शामरावांच्या हाताच्या वर. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते कितीतरी वेळ थांबलं नाही. मलाही रडू येत होतं, आणि फार आनंद झाला होता.

लग्न वैशाखात मळ्याच्या दारातच झालं. त्या दिवशी आण्णा प्रत्येक पाहुण्याला हात जोडून सांगत होते, "पायताण आपटून घाला."

आत्या पहिल्या पंचमीला माहेरी आली. हातात हिरवा चुडा, अंग भरलेलं. आक्कानं तिला दारात भाकरतुकडा ओवाळला, आणि घरात घेता घेता तिचा उजवा हात धरून उजेडात नेला. हात स्वच्छ होता. एकही चामखीळ नाही, नुसती कातडी. अशा चामखिळी कधी कधी आपोआप जातात, अंगच त्यांना हाकलून देतं. पण आक्काला ते कुठलं ठाऊक. तिच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बगा. बेंडकं सुटली तशा चामखिळी गेल्या. मी कवाधरनं सांगत हुती."

"सुटली कुटली आक्का," आत्या म्हणाली. "तितं तर हितल्यापरास लय हैत. ह्येंची आंघूळ हुईस्तवर रोज मीच न्हाणीतनं उचलून भाईर न्हेती. ह्ये पलटणीत गेलं तरी सवयीनं उचलती."

आक्कानं तो हात परत बघितला. मग माझा ओढून बघितला. माझा पहिल्यापासून स्वच्छ होता. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि पुरणाचं दिंड उकडायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्याच्या दारात आण्णांच्या वहाणेतून मुकादमाला बाहेर काढलं, आणि वळून बघते तर आक्का मागं उभी. मी त्याला घेऊन तशीच उभी राहिले. इतकी वर्षं ह्यासाठी मी तिचा मार खाल्ला होता. तिनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, त्यानंही तिच्याकडं बघितलं.

"हात धू म्हंजे झालं," ती म्हणाली, आणि आपलं पायताण आपटून, पायात घालून घराकडं गेली.